दिवाळीच्या आधीची चाळीस वर्षं

भातसानगरच्या वसाहतीतल्या खोलीत तुम्ही बसला आहात. मावशीच्या मांडीवर खाकी लिफाफा आहे आणि त्यात एकच कागद: डाव्या गालाची आतली बाजू, खालच्या दाढेलगत, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. शहापूरच्या रुग्णालयाने परळला, टाटाला जायला सांगितलं आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, कधीपासून? मावशीचं उत्तर ठरलेलं. "दिवाळीपासून. पण दुखत नव्हतं ना, म्हणून कोणाला बोलले नाय."

तुम्हाला जायचं आहे ते या उत्तराच्या मागे. तोंडाचा कर्करोग दिवाळीत सुरू होऊन होळीला कागदावर उमटत नाही. त्याला वर्षं लागतात, बहुतेक वेळा दहा-वीस, कधी त्याहूनही जास्त. त्या वर्षांत तो काय करत होता, आणि तेव्हा कुणाला काय माहीत होतं, हे बघितल्याशिवाय या कागदाचा अर्थ लागणार नाही. उठा, चपला घाला. वाटेत तुम्हाला सगळं दिसेल, वास येतील, हाताला स्पर्शही कळेल. तुमचा आवाज मात्र कुणालाही ऐकू जाणार नाही.

पहिला थांबा जवळचाच, गेली दिवाळी. याच खोलीत आकाशकंदील लागला आहे, भाजणीचा वास दरवळतो आहे आणि मावशी चकली उजव्या बाजूने चावते आहे. शेजारी बसून बघितलंत की लक्षात येतं, गेले कित्येक दिवस ती उजव्याच बाजूने चावते. मधूनच तिच्या जिभेचं टोक डाव्या दाढेकडे जातं आणि एका जागी थांबतं. तिथे उथळ खड्डा आहे, कडा उचललेल्या आणि कडक. तोंड येतं तेव्हा पाणीसुद्धा झोंबतं. इथे तसं काहीच होत नाही, म्हणून ती गप्प राहते. सणानंतर जवळच्या दवाखान्यात जाते, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल घेऊन परत येते. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून ओरडता, की तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दुखो वा न दुखो, तिचा तुकडा तपासायलाच हवा. कुणी मान वळवत नाही.

दुखणं म्हणजे आजार, आणि दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. कर्करोग या समजुतीच्या आडोशाला वाढतो. गाल, स्तन, गर्भाशयाचं मुख, तिन्ही ठिकाणी सुरुवातीची गाठ किंवा जखम बहुधा दुखत नाही. दुखू लागतं ते ती मज्जातंतूपर्यंत, हाडापर्यंत पोचल्यावर. आपल्या गावांत सर्वांत जास्त माणसं या एका गैरसमजाने उशिरा दवाखान्यात पोचतात, असं मला मनापासून वाटतं.

आणखी मागे चला. २०१२ चा पावसाळा. जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली आहे आणि शहापूरच्या टपऱ्यांवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळांची चर्चा चालू आहे. मावशीच्या घरात कुणालाच ही बातमी आपली वाटत नाही, कारण तिने गुटखा कधी तोंडात घातलेला नाही. पहाटे ती चुलीपुढे बसते आणि डबी उघडते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बारीक कुटलेली. मशेरी. उजव्या हाताचं पहिलं बोट डबीत जातं, मग दातांवर, मग गालात, आणि तिथेच फिरत राहतं. चहा उकळून उतू जायच्या बेताला येतो तरी बोट तोंडातच असतं. मशेरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही, डोकं जड राहतं, असं ती सांगते. ती खोटं बोलत नाही. निकोटिनची तलफ अशीच असते.

आता लहान व्हा, इतके लहान की तिच्या गालाचं आतलं अस्तर तुमच्या डोक्यावर थरांनी उभं राहील. सर्वांत खालच्या थरात पेशी दुभंगताहेत. नवी पेशी वर सरकते, सगळ्यात वरची झडते. जन्मापासून हे चालू आहे. दर वेळी दुभंगताना पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते. वरून काळं पाणी झिरपतं. त्यात तंबाखूतली नायट्रोसमाईन्स आहेत, आणि तंबाखू जाळल्यामुळे धुरात सापडतात तशी रसायनंही. ती डीएनएला चिकटतात आणि नक्कल चुकते. दुरुस्ती करणारी प्रथिनं धावत येतात, चूक काढून टाकतात. बहुतेक वेळा. आषाढात भातखाचराच्या बांधाला खेकडा एक भोक पाडतो तेव्हा बांध फुटत नाही. शेतकरी चिखल थापतो, पुन्हा भोक पडतं, पुन्हा थापतो, आणि एका रात्री एक भोक थापायचं राहून जातं. पेशीत तसं राहून गेलेलं भोक पी५३ सारख्या जनुकात पडलं, तर 'थांब, आधी दुरुस्त कर, नाहीतर मर' हा हुकूम देणाराच उरत नाही.

वर या. गालावर करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा दिसतो. बोटाने पुसला तरी जात नाही. डॉक्टर याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. हा कर्करोग नाही. असे बहुतेक चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहीत, काही जातात, आणि कुठला जाईल हे नुसतं बघून सांगता येत नाही. लाल चट्टा असेल तर धोका याहून मोठा. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या खेड्यांमधल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांचा अभ्यास छापून आला. त्यांना सवय सोडायचा सल्ला देऊन वर्षानुवर्षं त्यांची तोंडं तपासली गेली होती, आणि ज्यांनी ती सोडली त्यांच्यात नवे पांढरे चट्टे उठण्याचं प्रमाण घटलं होतं. म्हणजे २०१२ च्या या पहाटे मावशीकडे वेळ आहे, भरपूर वेळ. चहा उतरवून ती बोट धुते, आणि तुम्ही तिथे काहीच न करता उभे राहता.

शेजारची आजी मात्र ऐंशीला टेकली तरी मशेरी लावतेच, तिला काही झालं नाही, असं कुणीतरी म्हणणारच. खरं आहे. तंबाखू प्रत्येकाला गाठत नाही. कुठली नक्कल चुकेल आणि कुठली चूक दुरुस्तीतून निसटेल, यात दैवाचाही भाग असतो. पण रोज सकाळी, रोज संध्याकाळी त्याच गालात तेच बोट फिरलं की दैवाला रोज नवी संधी मिळते. धोका याला म्हणायचं. सुपारीही यातून सुटत नाही. तंबाखूशिवायची नुसती सुपारी कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. दारूही त्याच यादीत आहे, आणि तंबाखूबरोबर ती आली की दोघांचा मिळून धोका बेरजेपेक्षा मोठा होतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कर्करोग साधारण शंभरातले पाच ते दहा. शिवण्याने, एका ताटात जेवल्याने, एका डबीत बोट घातल्याने हा रोग लागत नाही. डबीतली मशेरी मात्र प्रत्येक बोटाबरोबर जाते.

१९८३. भातसा धरणाची भिंत उभी आहे, पाणी मागे डोंगरांच्या कुशीत पसरलं आहे, आणि या वर्षी खर्डीच्या बाजूला जमीन हादरते आहे. साठलेल्या पाण्याच्या भाराने भूकंप येतात अशी चर्चा ओट्याओट्यावर चालू आहे. रात्री माणसं अंगणात झोपतात. त्या अंगणात अकरा वर्षांची मुलगी गाल धरून रडते आहे. दाढ किडली आहे. दाताचा डॉक्टर जवळपास कुठेच नाही. तिची आजी आत जाते, डबी आणते, स्वतःच्या बोटाने तिच्या दाढेवर मशेरी दाबते. "थोडी चक्कर येईल, मग बरं वाटंल." चक्कर येते. मग बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच डबी मागते.

त्या आजीवर रागावू नका. तिच्याकडे जे होतं ते तिने दिलं.

याच वर्षी जर्मनीत हाराल्ट त्सुर हाउजेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एका विषाणूचा डीएनए शोधून काढला: ह्युमन पॅपिलोमा विषाणू, प्रकार १६. या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. अंगणात रडणाऱ्या मुलीच्या पिढीला हा शोध फार जवळचा आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, आणि ज्यांच्यात तो ठाण मांडून राहतो त्यांच्यातल्या काहींना दहा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. चारित्र्याशी त्याचा संबंध लावणं अन्यायाचं आहे. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो.

आता साठच्या दशकाची अखेर, पुणे जिल्ह्यातलं एक खेडं. देवळाच्या ओट्यावर दंतवैद्यांची तुकडी उतरली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं दंतसंशोधन पथक, प्रमुख फली मेहता. डेन्मार्कचे पिंडबोर्ग त्यांचे सहकारी. ओळीत बसलेल्या बायाबापड्यांना एक जण विचारतो: विडी ओढता? तंबाखू-चुना? मशेरी? दुसरा तोंडात आरसा धरून गाल ओढतो, जिभेखाली बघतो आणि आकडा सांगतो. तुम्हीही वाका आणि बघा. ज्यांना कसलीच सवय नाही त्यांची तोंडं गुलाबी, ओली, सारखी. तंबाखूवाल्यांच्या तोंडात पांढरे चट्टे एकामागून एक दिसू लागतात. अशी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं या लोकांनी तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले.

१९७२. म्हणजे अंगणातल्या मुलीच्या दाढेवर मशेरी दाबली गेली त्याच्या अकरा वर्षं आधी.

तिथूनही मागे जा. परळ, १९४५. टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू होऊन चार वर्षं झाली आहेत. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते उघडलं. त्यामागे एक मृत्यू आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये गेल्या, आणि असे उपचार इथल्या माणसाला इथेच मिळावेत म्हणून हे रुग्णालय उभं राहिलं. प्रयोगशाळेत शिरा. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत चुरचुरतो. मेणात घट्ट बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे पातळ काप निघताहेत, एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ. काचेवर घेऊन त्यांना जांभळा आणि गुलाबी रंग चढवला जातो. सूक्ष्मदर्शकातून बघा. निरोगी अस्तरात खालच्या थराची रेघ स्पष्ट असते. पेशी तिच्या वरच राहतात. इथे ती रेघ मोडली आहे. वेडेवाकडे, गडद जांभळे केंद्रक झुंडीने खाली उतरले आहेत, जिथे त्यांना जागाच नाही तिथे. मावशीच्या कागदावरचे शब्द लिहिले जातात ते हे पाहून. आजही निदान असंच होतं. गाठीचा तुकडा घेतला की रोग पसरतो, या भीतीने आपल्याकडे महिनोन्‌महिने वाया जातात. तुकडा काढल्याने तो पसरत नाही. तुकडा न काढता थांबलेल्या महिन्यांत मात्र वाढतो.

या प्रयोगशाळेचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर. रोग शोधताना ते माणसाच्या कपड्यांकडे, खिशाकडे, सवयींकडे बघत होते. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कंबरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाखाली होणारा कातडीचा कर्करोग. खालच्या ओठाआड तंबाखू-चुना ठेवणाऱ्यांना तिथेच होणारा. आणि चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूवर होणारा. त्यांचं म्हणणं असं की रोग त्याच जागी उगवतो जिथे सवय रोज टेकते. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांमध्ये काजळीचा कर्करोग ओळखला होता. खानोलकरांनी तेच आपल्या लोकांच्या अंगावर वाचून दाखवलं. १९४५ मध्ये. मावशीचा जन्मही झाला नव्हता. शहापूरजवळचं आसनगाव स्टेशन ते परळ जेमतेम ८० किलोमीटर. याच दिशेने भातसाचं पाणी पुढे मुंबईकडे गेलं, शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांत सर्वांत मोठा साठा या धरणाचा. ते पाणी परळच्या नळाला पोचलं. परळमधलं ज्ञान उलट दिशेने वर चढून भातसानगरला आलं नाही, आणि ही गोष्ट मला कुठल्याही रसायनापेक्षा भयंकर वाटते.

एकच उडी आणखी, लहानशी. १६३६ चा, शहापूरजवळचा माहुलीगड. शहाजीराजे इथे वेढ्यात आहेत. खाली रानातल्या पाड्यांवर कुणाच्या घरात मशेरीची डबी नाही. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. १६०४-०५ च्या सुमाराला असद बेग या मुघल वकिलाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा ती तिथे नवलाईची वस्तू होती. कर्करोग त्याआधीही होता, सुश्रुताने अर्बुद सांगितलेच आहेत. पण आजीच्या आजीच्या आजीकडून चालत आलेली म्हणून जी सवय मावशी सांगते, ती या डोंगरांच्या मानाने कालची आहे.

परत फिरा. येताना एक वळण घ्या: १९९९ नंतरचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यांची माणसं गावोगाव फिरताहेत. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावगटांत विभागलेल्या. शोध गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा: कुठे विषाणूची चाचणी, कुठे पेशी खरवडून तपासणारी पॅप स्मिअर, कुठे व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उठतो का हे बघणं. एका गटात नेहमीची सेवा तेवढी, चाचणी नाही. समाजमंदिरात पडदा लावलेला आहे. बाई आत जाताना पदर दातात धरते, आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन मैत्रिणीला म्हणते, "काहीच नाही गं, जा तू." २००९ मध्ये निकाल आले. विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या होत्या. चाचणी न झालेल्या, किंचित लहान गटात ६४. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्या ६४ जणींचा विचार मनातून जात नाही. चाचणीविना गट ठेवावा का यावर पुढे वाद झाला, आणि तो वाद रास्त आहे. पण त्यांच्यामुळे जे कळलं ते वापरायचं नाही, हा अन्याय आपण आज करतो आहोत.

आज. मावशी कसारा लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसली आहे. कर्करुग्णांनाही तिथे बसता येतं. परळला तिच्या मानेवरून डॉक्टरांची बोटं फिरतात, गाठी चाचपतात. पुढे एमआरआय किंवा सीटी स्कॅन, छातीची तपासणी. कागदावर 'वेल डिफरन्शिएटेड' लिहिलंय म्हणजे पहिली पायरी का, असं तुम्ही विचारता. नाही, पेशी कशा दिसतात हे ते सांगतं. पायरी ठरते ती गाठ केवढी, किती खोल आणि मानेत गेली आहे का यावर. दोन सेंटिमीटरच्या आत, पाच मिलिमीटरपेक्षा उथळ, मानेत काही नाही, तर पहिली पायरी, आणि तिथे बरं होण्याची आशा मोठी असते. मावशीची गाठ त्याहून मोठी आहे. मानेत एक गाठ लागते आहे. शस्त्रक्रिया होईल, बहुधा नंतर रेडिएशन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद भरायला सांगितले आहेत. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करायची आहे.

तुम्ही भातसानगरला परत येता. घरात मावशीची धाकटी जाऊ आहे, चव्वेचाळीस वर्षांची. तीच डबी, तेच बोट. आता तुमचा आवाज ऐकू जातो.

"काकी, दारात उजेडाला बसा. तोंड उघडा." मोबाईलचा दिवा लावता. स्वच्छ बोटाने गाल बाहेर ओढता, आधी उजवा, मग डावा. ओठ उलटा, जीभ वर, जीभ बाहेर, दोन्ही बाजूंना. तीन बोटं उभी तोंडात जातात का? जातात. मानेत गाठ? नाही. डाव्या गालात, जिथे बोट टेकतं तिथेच, पांढरा चट्टा. कापडाने पुसता. जात नाही.

"मला कुठं काय दुखतंय?" काकी म्हणते.

तुम्ही तिला सगळं सांगता, न घाबरवता. हा कर्करोग नाही, पण दंतवैद्याला दाखवायचा आणि मशेरी आजपासून बंद. आरोग्य केंद्रात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची आणि बायकांची स्तनाची, गर्भाशयमुखाची तपासणी मोफत होते. आशाताईकडे फॉर्म असतो. पाळी गेल्यावर रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, स्तनात गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, तर दुखायची वाट बघायची नाही. मुलीला नऊ ते चौदाच्या दरम्यान विषाणूची लस द्यायची, पुण्यात बनते. मशेरी सोडायला १८००-११-२३५६ वर फुकट फोन करता येतो.

"आन शौचाला?" काकी विचारते. तिला खरंच ती एक काळजी आहे. सकाळी दोन तांबे कोमट पाणी, आणि पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, मग उतरेल, असं तुम्ही सांगता. ती थोडा वेळ बोलत नाही. मग आत हाक मारते, "ए, उद्या शहापूरला जायचंय दात दावायला. तू पण चल. आन वरच्या आळीतल्या दोघींना पण सांग, त्या पण लावतात."